वेळ चुकलेली ठिणगी

इंजिन नीट चालेनासं झालं की चंद्रपूर जिल्ह्यातल्या राजुऱ्यात त्याची एकच तक्रार कानावर येते: मिसिंग मारते. गडचांदूरच्या सिमेंट कारखान्यांकडे सवाऱ्या नेणारी जीप असो, सास्तीच्या कोळसा खाणीत पाळीला जाणाऱ्याची मोटारसायकल असो, कपाशीवर फवारणी करायचा पंप असो, की नाल्याच्या काठावर मांडलेलं पाण्याचं इंजिन असो. एका लयीत चाललेला आवाज मध्येच ठोका गाळतो, अडखळतो, पुन्हा धावतो. ज्याला इंजिनाच्या आतलं काही कळत नाही, त्यालाही हा गळलेला ठोका ऐकू येतो. पुढचं काम मिस्त्रीचं.

मिस्त्री ठरलेल्या क्रमाने जातो. पेट्रोल कार्बोरेटरपर्यंत पोचतं का, जेटमध्ये कचरा बसला का, हे आधी. मग प्लग काढून, त्याला कॅप लावून, इंजिनाच्या लोखंडाला टेकवायचा आणि दोरी ओढून ठिणगी पाहायची: निळी, कडक आहे की पिवळी, मरतुकडी. मग प्लगच्या भोकावर अंगठा दाबून दाब किती जोराने अंगठा उडवतो ते बघायचं. इंधन, ठिणगी, दाब. बहुतेक इंजिनांचा आजार या तीन ठिकाणी सापडतो, म्हणूनच हा क्रम पिढ्यान्‌पिढ्या टिकला. पण कधीतरी असं इंजिन येतं की तिन्ही ठीक आहेत आणि ठोका तरी गळतोच आहे. मग माणूस पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करतो. नवा प्लग, नवी कॉइल, दुसऱ्याचा उसना कार्बोरेटर. गिऱ्हाइकाचा पैसा जातो आणि इंजिन तसंच राहतं.

या तीन प्रश्नांची जात एक आहे. पेट्रोल आहे का, ठिणगी आहे का, दाब आहे का. इंजिनाला मात्र आणखी एक गोष्ट लागते, आणि ती कुठल्याही सुट्या भागात नसते. ठिणगी पडते खरी, पण कधी पडते? प्लग बाहेर काढून लोखंडाला टेकवला की हा प्रश्न विचारताच येत नाही. बाहेर पडलेली ठिणगी फक्त आपलं असणं सांगते. तिची वेळ पिस्टनच्या संदर्भातच कळते, आणि पिस्टन आत असतो.

वेळ म्हणजे किती बारीक, ते एकदा आकड्यांत पाहावं. छोटं पेट्रोल इंजिन मिनिटाला ३६०० फेरे घेतं, म्हणजे सेकंदाला ६०. सेकंदाच्या हजाराव्या भागात त्याचा क्रँक साडेएकवीस अंशांहून थोडा जास्तच फिरतो. पेट्रोल आणि हवेचं मिश्रण पेटायला आणि ज्योत पसरायला वेळ लागतो, म्हणून ठिणगी पिस्टन माथ्यावर पोचण्याआधीच, बहुतेक लहान इंजिनांत वीस-पंचवीस अंश आधी, पाडावी लागते. जळण्याचा भर पिस्टन माथा ओलांडून खाली वळत असताना यायला हवा. ठिणगी फार लवकर पडली तर वर येणाऱ्या पिस्टनलाच उलटा धक्का बसतो. फार उशिरा पडली तर धुराचा व्हॉल्व्ह उघडेपर्यंत आत आग चालू राहते, सायलेन्सर तापतो, फटफट वाजतो आणि ताकद हवेत जाते. आग तीच, पेट्रोल तेवढंच. फरक हजाराव्या भागाच्याही एका अंशाचा.

ही वेळ सांभाळायचं काम फ्लायव्हीलकडे, म्हणजे क्रँकवर बसवलेल्या जड चाकाकडे, आलं ते नंतर. त्याचं मूळ काम वेगळं होतं. निकोलाउस ओटोने १८७६ साली चार ठोक्यांचं इंजिन चालवून दाखवलं, तेव्हापासून या इंजिनाची एक अडचण कायम आहे. आत ओढणं, दाबणं, पेटणं, धूर बाहेर टाकणं, या चार चालींपैकी ताकद फक्त एका चालीत मिळते. उरलेल्या तीन चालींत इंजिन स्वतः काहीच कमावत नाही, उलट खर्च करतं. ते थांबत नाही, कारण दांडीवर एक जड चाक बसवलेलं असतं, आणि पेटण्याच्या चालीत मिळालेला वेग ते चाक पुढच्या तीन चालींसाठी राखून ठेवतं. आपल्याकडे जुन्या लिस्टर धाटणीच्या इंजिनांना दोन्ही बाजूंना एकेक अवजड चाक असायचं. मिनिटाला साडेसहाशे फेऱ्यांच्या संथ चालीत ती चाकं फिरताना पाहणं, हेच पीठगिरणीत आलेल्या पोरांचं आकर्षण. किर्लोस्कर ऑइल इंजिन्स १९४६ साली पुण्यात सुरू झाली आणि पुढे शेताशेतातल्या विहिरींवर डिझेल इंजिनांचा जो आवाज घुमला, त्यामागेही हेच चाक होतं.

पेट्रोल इंजिनात मात्र या चाकाला दुसरी नोकरी लागली. रॉबर्ट बॉशने १८८७ मध्ये चुंबकाच्या जोरावर ठिणगी पाडणारं यंत्र बनवलं आणि १९०२ मध्ये त्याच्याकडच्या गॉटलोब होनोल्डने त्याला उच्च दाबाचं रूप दिलं. पुढे छोट्या इंजिनांत ते चुंबक थेट फ्लायव्हीलच्या कडेत बसवण्यात आले. चाक फिरतं, चुंबक कॉइलसमोरून जातो, आणि ज्या क्षणी जातो त्या क्षणी ठिणगी. बॅटरी नको, घड्याळ नको. आपल्याकडच्या दुचाकीच्या मिस्त्रींनी तर चाकाचं नावच मॅग्नेट करून टाकलं. अशा इंजिनात तेच एक चाक वेग राखतं, पात्यांनी वारा घालून इंजिन थंड ठेवतं, दोरीची ओढ घेतं आणि वेळही सांगतं. एका गरीब घरातल्या थोरल्या मुलासारखं सगळं त्याच्याच अंगावर.

हे चाक क्रँकवर बसतं कसं, यात या आजाराची गोम आहे. क्रँकचं टोक निमुळतं असतं, चाकाचं भोकही तसंच निमुळतं. नट आवळला की दोन निमुळते पृष्ठभाग एकमेकांत घट्ट रुततात. सगळी ताकद ही पकड पेलते. दोघांमधल्या खाचेत अर्धचंद्राच्या आकाराची एक छोटी चावी असते. पाहणाऱ्याला वाटतं, एवढं जड चाक या चावीनेच धरलंय. तसं नाही. चावीकडे जोर पेलायचं काम दिलेलंच नाही. चाक क्रँकवर नेमकं कुठल्या कोनात बसायचं, एवढंच ती सांगते. क्रँक वीस मिलिमीटर जाडीचा असेल, तर चाक नुसतं एक मिलिमीटर सरकलं की ठिणगीची वेळ जवळजवळ पावणेसहा अंशांनी हलते. नखाएवढ्या धातूच्या तुकड्यावर इंजिनाचं सगळं वेळापत्रक उभं आहे.

राजुऱ्यातल्या एका दुकानात अशी एक दुरुस्ती मी पाहिली, ती सविस्तर सांगण्यासारखी आहे. दिवस हरभऱ्याला पाणी देण्याचे. नाल्यातून ओलीत करणाऱ्या एका शेतकऱ्याचं पाण्याचं इंजिन दोन ठिकाणी फिरून इथे आलं होतं. प्लग नवा होता, कॉइल नवी होती, कार्बोरेटर स्वच्छ होता. तरी सुरू करताना दोरी हातातून हिसकून घ्यायचं, सुरू झालंच तर मिसिंग मारायचं आणि कार्बोरेटरच्या तोंडातून फटाके काढायचं. शेतकऱ्याच्या उजव्या हाताची दोन बोटं दोरीच्या हिसक्याने सुजली होती. मिस्त्रीने इंजिनाकडे पाहायच्या आधी ती बोटं पाहिली आणि विचारलं, "दोरी उलटी ओढते का, काकाजी?" शेतकरी हो म्हणाला. मग दुसरा प्रश्न: "हे सुरू झालं तवा पंपात काही अडकलं होतं का?" शेतकऱ्याला आठवलं. पाण्यात टाकलेल्या पाइपची जाळी फाटली होती, एक गोटा आत गेला आणि इंजिन एकाएकी खट्‌कन बंद पडलं होतं. पंप उघडून गोटा काढला, जाळी बदलली, आणि त्या दिवसापासून हा त्रास.

इथे मिस्त्रीचं निदान जवळजवळ पूर्ण झालं होतं, अजून एक पानाही लावला नव्हता. त्याचा तर्क मला उलगडायला वेळ लागला, पण तो इतका देखणा आहे की मांडल्याशिवाय पुढे जाववत नाही. पंपाचं चाक गोट्याने अडलं, त्याबरोबर क्रँक थबकला. पण फ्लायव्हील थबकायला तयार नव्हतं. वेग धरून ठेवणं हाच त्याचा धर्म. त्याने निमुळती पकड सोडवली, मधली चावी कापली आणि फिरण्याच्या दिशेने ते थोडं पुढे जाऊन मग थांबलं. आता चुंबक क्रँकच्या मानाने पुढे गेला होता, म्हणून कॉइलसमोर लवकर येत होता, म्हणून ठिणगी लवकर, म्हणून दोरीला हिसका. नट ढिला राहून असं झालं असतं, तर गोष्ट बहुधा उलटी असती. पेटण्याच्या प्रत्येक धक्क्याने क्रँक पुढे जातो आणि जड चाक मागे राहतं, तेव्हा ठिणगी उशिरा पडते. तिथे बोटं सुजत नाहीत, सायलेन्सर लाल होतो. बिघाड कुठल्या दिशेला आहे यावरून बिघाडाचा इतिहास वाचता येतो, आणि तो इतिहास या मिस्त्रीने एका शेतकऱ्याच्या बोटांवर वाचला.

वैशेषिक दर्शन आठवावं अशी ही जागा आहे. प्रशस्तपादांनी संस्कार नावाच्या एकाच गुणाचे तीन प्रकार सांगितले: वेग, भावना आणि स्थितिस्थापक. ढकललेली वस्तू धक्का संपल्यावरही पुढे जात राहते तो वेग, अनुभव संपल्यावर मनात मागे राहते ती भावना, आणि वाकवलेली फांदी सोडताच मूळ जागी येते ते स्थितिस्थापक. गती आणि स्मृती एकाच कप्प्यात ठेवणारी ही मांडणी शाळेत शिकलेल्या भौतिकशास्त्राला विचित्र वाटेल. फ्लायव्हीलसमोर उभं राहून पाहिलं तर ती नेमकी वाटते. जे होऊन गेलं ते पुढच्या क्षणात नेणं, हे दोघांचंही काम. ईश्वरकृष्णाने सांख्यकारिकेत कुंभाराच्या चाकाचा दाखला दिला तोही यासाठीच: कुंभार थांबला तरी चाक काही काळ फिरतं, तसं ज्ञान झाल्यावरही शरीर काही काळ चालू राहतं. पण चाकाच्या या चिकाटीने स्वतःची खूणच कापून टाकावी, हा प्रसंग त्या ग्रंथांत नाही. तो राजुऱ्याच्या नाल्याकाठी घडला. ज्या गुणामुळे इंजिन चालतं, त्याच गुणाने त्याचं वेळापत्रक मोडलं होतं.

तर्क झाला तरी मिस्त्री लगेच उघडायला बसला नाही. आधी त्याने प्लग काढून भोकात एक पातळ काडी सोडली आणि हाताने चाक हळूहळू फिरवत काडी सगळ्यात वर कधी येते ते पाहिलं. पिस्टन माथ्यावर आला. त्या वेळी चुंबक कॉइलपासून कुठे आहे, तिथे चाकावर आणि इंजिनावर खडूने रेघ मारली. पण ही जागा बरोबर की चूक? त्याच्याकडे कंपनीचं पुस्तक नव्हतं, टायमिंगचा दिवा नव्हता. दुकानात दुसऱ्या कामासाठी आलेलं त्याच बनावटीचं, चांगलं चालणारं एक इंजिन होतं. त्याचाही प्लग काढला, काडी सोडली, रेघ मारली. दोन्ही इंजिनं शेजारी ठेवली. खडूच्या रेघांमधला फरक बोटाने दाखवत तो शेतकऱ्याला म्हणाला, "ठिणगी हाये, काकाजी. पन ते आपल्या येळेवर नाही पडून राह्यली."

या दुसऱ्या इंजिनाबद्दल मी बराच विचार केला आहे. आजाऱ्याचं इतर सगळं आपण त्याच्याच चाकावरून मोजत होतो. ठिणगी लवकर की उशिरा, व्हॉल्व्ह वेळेवर उघडतो की नाही, सगळ्याचं गणित चाकावरच्या खुणेपासून सुरू होतं. जिथून मोजायचं ती खूणच सरकली असेल, तर त्या इंजिनाच्या आत राहून ते कळण्याचा मार्ग फार अरुंद. बाकी सगळ्या भागांवर संशय येतो, कारण त्यांची परीक्षा या खुणेपुढे होते. खुणेची परीक्षा कुणापुढे व्हायची? मीमांसक आणि नैयायिक यांच्यातला जुना वाद याच टोकावर उभा आहे. मीमांसक ज्ञानाचं प्रामाण्य स्वतःच मानतात: ज्ञान झालं की ते खरंच, जोवर ते खोटं ठरत नाही तोवर. नैयायिक म्हणतात, प्रामाण्य दुसऱ्याकडून ठरतं. दुरून दिसलेलं पाणी खरं की मृगजळ, हे जवळ जाऊन प्यायल्यावर, तहान भागल्यावरच पक्कं होतं. मीमांसक विचारतात की त्या दुसऱ्याचं प्रामाण्य तिसऱ्याने ठरवायचं, तिसऱ्याचं चौथ्याने, याला शेवट कुठे? नैयायिकाचं उत्तर व्यवहारी आहे. संशय आला तिथेच तपासायचं आणि काम फळाला आलं की थांबायचं. दुकानातला मिस्त्री पक्का नैयायिक होता. त्याने चांगल्या इंजिनाला प्रमाण मानलं, कारण ते आदल्या दिवशी कुणाच्या तरी वावरात पाणी ओढत होतं. त्यापलीकडे त्याला पुरावा नको होता, आणि माझ्या मते त्याचं बरोबर होतं.

मग त्याने उघडलं. दोरीचं झाकण काढलं, नट सोडवला. चाकाच्या पंख्याची दोन पाती तुटलेली होती, म्हणजे आधी कुणीतरी हातोडी मारून चाक काढायचा प्रयत्न केला होता. ॲल्युमिनियमच्या ओतीव चाकावर हातोडी मारली की पातं तुटतं, चाकाचा तोल जातो, चुंबकाला हादरा बसतो. त्याने पुलर लावून चाक ओढून काढलं. चावी मधून कापली गेली होती, एक अर्धा क्रँकच्या खाचेत, दुसरा चाकाच्या खाचेत, आणि दोघांमध्ये स्पष्ट पायरी. खरा नुकसानीचा भाग चाकात होता. वेळ चुकलेलं असतानाच इंजिन पुन्हापुन्हा ओढलं गेल्याने चाकाच्या खाचेची एक कड ठेचून रुंद झाली होती आणि निमुळत्या भोकात घासल्याचे चकचकीत ओरखडे उमटले होते. नवी चावी त्या रुंद खाचेत हलत होती.

इथे शेतकऱ्याने, ज्याचा दिवसाचा ओलिताचा हिशोब पाण्यावर चालतो त्याने, साहजिक सूचना केली. "मंग लोखंडाची पक्की चावी बनवून टाक ना बाबू. सारखी तुटाची कटकट नको." खिळा कापून, घासून अशी चावी पाच मिनिटांत तयार होते, आणि अनेक ठिकाणी ती बसवलीही जाते. मिस्त्रीने मान हलवली. "पक्की टाकली तर पुढच्या खेपेले चावी नाही तुटनार, क्रँक तुटंल." चावी मुद्दाम मऊ धातूची केलेली असते. गोटा पुन्हा अडकलाच, तर सगळ्यात स्वस्त तुकड्याने आधी मोडावं अशी ती योजना आहे. तिचं कमकुवत असणं ही कारखान्याची काटकसर समजणारे लोक मला शिकलेल्यांतही भेटले आहेत. ज्याने हा तुकडा पहिल्यांदा आखला, त्याने गोटा येणार हे आधीच गृहीत धरलं होतं, आणि ही दूरदृष्टी आपण एका खिळ्याने पुसून टाकतो.

चाक बदलावंच लागलं. दुसरं चाक चंद्रपूरहून यायला दोन दिवस गेले. या दोन दिवसांत मिस्त्रीने क्रँकच्या निमुळत्या टोकावरचे ओरखडे नाहीसे केले. व्हॉल्व्ह घासायची बारीक पेस्ट लावून त्याने आलेलं चाक त्या टोकावर हाताने पुढेमागे फिरवलं. पुसून पाहिलं, पुन्हा फिरवलं. दोन्ही पृष्ठभागांवर सगळीकडे सारखी करडी झाक येईपर्यंत हेच. मग रॉकेलने धुतलं आणि कापडाने खडखडीत कोरडं केलं. ही गोष्ट त्याने मला दोनदा सांगितली: इथे तेलाचा थेंब नको. यंत्रात सगळीकडे तेल लावायची सवय असलेल्या हाताला हे जड जातं, पण ही जागा घासण्यावरच जगते. तेल लागलं की पकड सुटते आणि सगळा भार येतो त्या मऊ चावीवर, जिचं ते कामच नाही. चावी बसवली, चाक बसवलं, नट मापाने आवळला. चुंबक आणि कॉइल यांच्यामध्ये एक पत्रिकेचा जाड कागद सरकवून अंतर लावलं. काडी सोडली, खडू पाहिला. दोरी ओढली तेव्हा ती हिसकली नाही.

आता कुणी म्हणेल, ही खडूची आणि काडीची विद्या जुन्या इंजिनांपुरती आहे. देशभर १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ गाड्याच विकल्या जातात आणि त्यांत मिसिंग झाली की संगणक स्वतः दिवा लावतो. तो दिवा कसा लागतो ते पाहिलं की मात्र आपण पुन्हा त्याच चाकापाशी येतो. संगणकाला आग दिसत नाही. क्रँकबरोबर फिरणाऱ्या एका दातेरी चक्रासमोर, अनेक गाड्यांत ते फ्लायव्हीलवरच असतं, एक सेन्सर बसवलेला असतो. साठ दात्यांची जागा आणि त्यांतले दोन मुद्दाम गाळलेले, ही त्याची सर्वांत रूढ आखणी. गाळलेल्या दोन दात्यांवरून संगणकाला फेरा कुठे सुरू होतो ते कळतं. पुढे तो फक्त एका दात्यापासून दुसऱ्या दात्यापर्यंत किती वेळ लागला, एवढंच मोजत राहतो. एखाद्या सिलिंडरने पेट घेतला नाही तर चाक तिथे किंचित रेंगाळतं, आणि त्या रेंगाळण्यालाच संगणक मिसिंग म्हणतो. क्लचचं काम करताना पान्याचा घाव बसून एखादा दाता वाकला, दात्यांची कडी तिरकी झाली, किंवा आत स्प्रिंगा असलेलं दुहेरी फ्लायव्हील झिजून डुगडुगू लागलं, तर इंजिन सुरळीत जळत असताना संगणक मिसिंग नोंदवतो. कधी त्याच चुकीच्या खुणेवरून ठिणगीही चुकीच्या वेळी पाडतो, आणि मग मिसिंग खरीच होते. मालक प्लग बदलतो, कॉइल बदलतो, इंजेक्टर साफ करून घेतो. राजुऱ्याच्या त्या पाण्याच्या इंजिनाचीच ही कहाणी आहे.

या गाड्या आखणाऱ्यांनी मात्र एक गोष्ट फार विचाराने केली. कुठलंच चक्र शंभर टक्के नेमकं कापलेलं नसतं, हे त्यांना ठाऊक होतं. म्हणून अनेक गाड्यांचा संगणक आपल्या चाकाचा वाकडेपणा शिकून ठेवतो, आणि शिकायची वेळ तो नेमकी निवडतो. उतारावर गिअरमध्ये ॲक्सिलरेटर सोडला की इंधन पूर्ण बंद होतं. आत काहीच जळत नाही, फक्त चाक फिरतं. त्या काळात दिसलेला प्रत्येक कमीजास्तपणा हा आगीचा नसून चाकाचाच, हे उघड आहे. तो टिपून ठेवायचा आणि पुढे प्रत्येक मोजणीतून वजा करायचा. जिवतीच्या डोंगरातून गडचांदूरकडे उतरणारी एखादी गाडी कुणाच्याही नकळत ही आत्मपरीक्षा देत असते. फ्लायव्हील बदललं की हा धडा नव्याने द्यावा लागतो, आणि तो न दिल्यामुळे नवं चाक बसवूनही दिवा विझत नाही अशा गाड्या असतात.

राजुऱ्यात बसून चाक आणि वेळ यांचा विचार करताना वर्धा नदीच्या पलीकडे पाहिल्याशिवाय राहवत नाही. चंद्रपूरचं महाऔष्णिक वीज केंद्र इथून जवळच आहे. तिथल्या टर्बाइनचे रोटर मिनिटाला ३००० फेरे घेतात, कारण आपल्या विजेची वारंवारिता ५० हर्ट्‌झ आहे. त्यांचं वजन टनांत मोजायचं. देशातले असे सगळे रोटर तारांनी एकमेकांना बांधलेले आहेत आणि एका ठेक्यात फिरतात. एखादा मोठा संच अचानक बंद पडला, तर बाकीच्यांच्या झडपा उघडून जास्त वाफ येईपर्यंतचे पहिले काही सेकंद या फिरत्या वजनातला साठलेला वेगच भागवतो. पूर्ण देशाचं हे फ्लायव्हील आहे.

हे एक चाक नेहमीच एक नव्हतं. राजुऱ्याला सीमा नवी नाही. १९५६ पर्यंत हा तालुका हैदराबाद राज्याच्या आदिलाबाद जिल्ह्यात होता, मग नांदेडमध्ये आला, आणि १९५९ मध्ये चांदा, म्हणजे आजच्या चंद्रपूर, जिल्ह्याला जोडला गेला. विजेची सीमाही इथूनच जात होती. पश्चिमेचं जाळं एका ठेक्यात चालायचं आणि रामगुंडमकडचं दक्षिणेचं दुसऱ्या. दोन्हीकडे ५० हर्ट्‌झच म्हणायचे, पण क्षणोक्षणी दोघांचा कोन वेगळा. अशा दोन चाकांना थेट जोडलं असतं तर आपली चावी कापली गेली तसंच काहीतरी झालं असतं, फार मोठ्या प्रमाणावर. म्हणून भद्रावतीला १९९७-९८ मध्ये १००० मेगावॅटचं एक केंद्र उभं राहिलं, जिथे एका बाजूची वीज आधी एकदिश करायची आणि लगेच शेजारीच दुसऱ्या बाजूच्या ठेक्यात पुन्हा घडवायची. जोर जाऊ द्यायचा, वेळ मात्र ज्याची त्याच्याकडे ठेवायची. ३१ डिसेंबर २०१३ रोजी रायचूर-सोलापूर वाहिनीने दक्षिणेचं जाळं उरलेल्या देशाशी एका ठेक्यात बांधलं गेलं. त्या दिवसापासून चंद्रपूरचा रोटर आणि तमिळनाडूतला रोटर एकाच ठेक्यात बांधलेले आहेत.

आता या चाकाचं वजन कमी होत चाललं आहे. सौर पॅनेलमध्ये फिरणारं काही नाही. पवनचक्क्यांचं फिरणं बहुतेक वेळा इलेक्ट्रॉनिक्सच्या पलीकडे राहतं. सूर्याची वीज यायलाच हवी, याबद्दल कोळशाच्या धुळीत वाढलेल्या या जिल्ह्यातल्या माणसाला कुणी समजावून सांगायची गरज नाही. पण तिच्याबरोबर वेळ धरून ठेवणारं वजन कुठून आणायचं, हा प्रश्न ठिणगीच्या वेळेइतकाच अदृश्य आहे, आणि म्हणून तितकाच सहज विसरला जातो. वीज आहे का, हे आपण विचारतो. ती कुठल्या चाकाच्या आधाराने वेळेवर आहे, हे विचारत नाही. दक्षिण ऑस्ट्रेलियाने २०२१ मध्ये यासाठी चार मोठी यंत्रं बसवली. त्यांत इंधन नाही, टर्बाइन नाही, फक्त जाळ्याला जोडलेलं जनित्र आणि त्याच्या दांडीवर एक जड फ्लायव्हील. आयर्लंडमध्ये मनीपॉइंट या तेव्हा कोळशावर चालणाऱ्या केंद्राच्या आवारातच असं यंत्र उभं केलं, त्याचं फ्लायव्हील १३० टनांचं आहे. जिथे आयुष्यभर आग पेटवली त्या जागेवर आता आगीवाचून फिरणारं एक चाकही आहे, आणि जाळ्याला त्याची गरज आहे.

चंद्रपूर केंद्राचे सर्वांत जुने दोन संच, प्रत्येकी २१० मेगावॅटचे, कायमचे बंद झाले आहेत आणि केंद्राची क्षमता २९२० मेगावॅटवर आली आहे. पुढचे संचही आपापल्या वयाने निवृत्त होतील. तेव्हा बॉयलर आणि चिमणी यांच्याबरोबर जनित्रंही भंगाराच्या भावाने मोजली जाऊ नयेत, असं मला मनापासून वाटतं. तारा तिथवर आलेल्या आहेत, पाया घातलेला आहे, जड रोटर सांभाळणारी माणसं ऊर्जानगरात राहतात. त्यांतलं एखादं जनित्र टर्बाइनपासून सोडवून, फ्लायव्हील जोडून जाळ्यावर फिरत ठेवता येईल का, याचा हिशोब संच मोडायला घेण्याआधी मांडला गेला पाहिजे, आणि तो मांडणाऱ्यांत हातात पाना धरणारा निदान एक माणूस असला पाहिजे.